डबा उघडायला शिकवणारे : अमेरिकेतल्या खाण-प्रशिक्षकांची पार्श्वभूमी

2 मे 1972. आयडाहो राज्यातल्या केलॉगजवळची सनशाइन ही चांदीची खाण. धातूच्या खाणीत मोठी आग लागेल असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं. दगड थोडाच पेटतो! तरीही आग लागली, कार्बन मोनॉक्साइड हवेच्या झोताबरोबर बोगद्यांतून पसरला आणि 91 जण गेले.

खाणीत सेल्फ-रेस्क्युअर होते. हा छोटासा डबा असतो. झाकण काढायचं, तोंडात धरायचा भाग दातांत पकडायचा, नाकाला चिमटा लावायचा आणि त्यातूनच श्वास घेत चालत सुटायचं. आतलं रसायन विषारी वायूचा कार्बन डायऑक्साइड करतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. हवा जितकी विषारी, तितका तोंडात येणारा श्वास गरम. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणसाला डबा बिघडला असंच वाटणार आणि तो काढून टाकणार. बहुतेक कामगारांना हे यंत्र वापरायला शिकवलेलंच नव्हतं आणि काही डबे चालू स्थितीत नव्हते, अशी नोंद सरकारी चौकशीत झाली.

त्याआधी शिकवणं होत नव्हतं असं नाही. 1907 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथल्या कोळसा खाणीतल्या स्फोटात अधिकृत आकड्याप्रमाणे 362 माणसं मेली. त्यानंतर 1910 मध्ये ब्युरो ऑफ माइन्स हा खाणींसाठीचा सरकारी विभाग स्थापन झाला, जोसेफ होम्स पहिले संचालक. ब्युरोने रेल्वेचे डबे फिरत्या शाळांमध्ये बदलले. गाडी खाणीजवळ थांबायची आणि कामगार प्रथमोपचार, श्वसनयंत्र वापरणं शिकायचे. कल्पना सुरेखच होती, पण सगळा भर अपघातानंतरच्या बचावावर. शिवाय खाणीत शिरून तपासणी करण्याचा हक्क संघराज्याच्या निरीक्षकांना 1941 पर्यंत नव्हता.

रोजचं शहाणपण जुन्या कामगाराकडूनच मिळायचं. तो लोखंडी पहारीने छत ठोकून दाखवायचा : खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ, ढोलासारखं वाजलं तर मागे सरक. या विद्येला कमी लेखू नये. मात्र जुना माणूस जे जाणतो तेच पुढे जातं, त्याच्या चुकीच्या सवयींसकट. आणि सनशाइनसारख्या ठिकाणी त्यालाच डबा उघडता येत नसेल, तर नवख्याने कुणाकडे बघायचं?

वेस्ट व्हर्जिनियातल्याच फार्मिंग्टनच्या कोळसा खाणीत 1968 मध्ये झालेल्या स्फोटात 78 जण गेले आणि पुढच्या वर्षी कडक कायदा झाला, पण तो कोळशापुरता. 1976 मध्ये केंटकीतल्या स्कोशिया खाणीत दोन दिवसांच्या अंतराने दोन स्फोट झाले. 26 मृतांत तीन सरकारी निरीक्षकही होते. मग 1977 च्या कायद्याने सगळ्या खाणी एका छत्राखाली आणल्या आणि प्रशिक्षण सक्तीचं केलं. भूमिगत खाणीतल्या नव्या कामगाराला किमान 40 तास, उघड्या खाणीतल्याला 24, दरवर्षी 8 तासांची उजळणी, आणि या वेळेचा पगार द्यायचा. पगाराचं कलम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. फुकटच्या वर्गात थकलेला माणूस झोपतो.

तास ठरले, पण शिकवणार कोण? 1978 च्या नियमांनी प्रशिक्षकाला सरकारी मान्यता आवश्यक केली. त्यासाठी प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम पुरा करावा, पात्रतेचा आणि शिकवण्याच्या अनुभवाचा लेखी पुरावा द्यावा, किंवा अधिकाऱ्यांसमोर वर्ग घेऊन दाखवावा. दोन वर्षांत एकदाही शिकवलं नाही तर मान्यता जाऊ शकते. वेस्ट व्हर्जिनियातल्या बेकली इथे राष्ट्रीय खाण अकादमीही उभी राहिली होती. वाळू, खडी, दगडाच्या खाणी मात्र सुटल्या : तिथे या नियमांची अंमलबजावणी करण्यासाठी पैसा खर्च करायलाच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वीसेक वर्षं मनाई केली. त्यांच्यासाठी वेगळे नियम 2000 मध्ये लागू झाले. त्यात सरकारी मान्यतेऐवजी मालकाने नेमलेला ‘सक्षम’ माणूस चालतो. शिकवलेलं समोरच्याला कळलं की नाही, हे त्याला पारखता आलं पाहिजे.

जानेवारी 2006 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो या कोळसा खाणीत 12 जण गेले. तोवर डबे बदलले होते, आता ते स्वतः प्राणवायू तयार करत; पण श्वास गरम आणि जड लागण्याची तक्रार तीच. त्याच वर्षीच्या नव्या नियमांत भूमिगत कोळसा खाणींसाठी एक वेगळाच धडा आला. प्रशिक्षक वर्षातून एकदा सरावाचं यंत्र कामगाराच्या तोंडात देतो आणि श्वास ओढताना होणारा अडथळा, तोंडाला लागणारी धग त्याला तिथेच अनुभवायला लावतो.