रिकाम्या पुंगळीतील धातुशास्त्र

जाहिरातींत, व्यंगचित्रांत आणि कधीकधी वृत्तपत्रांतील रेखाटनांतही बंदुकीतून सुटलेली ‘गोळी’ म्हणून एक अख्खे काडतूस हवेतून जाताना दाखवलेले असते. त्याच्या मागील बाजूस पितळेचा चकचकीत दंडगोलही जसाच्या तसा असतो. प्रत्यक्षात हवेत जाते ते फक्त पुढचे टोक. ज्या पितळी पुंगळीत ते टोक बसवलेले होते, ती बंदुकीतच राहते, बाहेर काढली जाते आणि पायाशी पडते. पूर्ण काडतुसात बहुधा सर्वांत महाग भाग हीच पुंगळी असते आणि एका वापरात ती निकामी होत नाही. तिच्यात आघाताने पेटणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हे काम घरच्या गॅरेजमध्ये, टेबलाला बसवलेल्या हाताच्या दाबयंत्रावर, लाखो लोक छंद म्हणून करतात. या छंदाची चर्चा बहुतेक वेळा दारू आणि गोळी यांच्याभोवती फिरते. मला मात्र त्यातील खरे आश्चर्य पितळेत दिसते.

हा छंद तसा जुना आहे. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम भागातील गवताळ प्रदेशात रानरेड्यांची शिकार करणारे लोक दुकानांपासून इतके दूर असत, की रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवून त्या मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा भरणे हाच त्यांच्यापुढचा व्यवहार्य मार्ग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडील शिल्लक दारू स्वस्तात बाजारात आली आणि छंदाला मोठा जोर मिळाला. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला तेथे केंद्रीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याकडे हा छंद रुजण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याला परिचित असलेल्या नेमबाजीत त्याची गरजही पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू टू काडतूस वापरतात. त्याचे प्रज्वलक मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते, आघाताने ती कड चेपली जाते आणि ती पुंगळी घरी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही.

पुन्हा भरता येणाऱ्या काडतुसात प्रज्वलक टोपी बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या खळग्यात बसवलेली असते. तिची रचना दोन प्रकारची असते आणि दोन्ही प्रकार १८६० च्या दशकातले आहेत. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत खळग्याच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे आतून सुई घालून जुनी टोपी सहज ढकलून काढता येते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रचनेत मध्यभागी छोटी ऐरण आणि तिच्या बाजूला छिद्रे असतात, म्हणून सुई चालत नाही. पुढे अमेरिकेने इंग्रज रचना स्वीकारली आणि युरोपातील अनेक देशांनी अमेरिकी. घरगुती भरणीचा छंद अमेरिकेत इतका पसरला, त्यामागे हे मधोमध असलेले एक छिद्रही एक कारण आहे.

दारूविषयी थोडेच सांगतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि आजची दारू त्याच कुळातली आहे. योग्य रीतीने वापरलेल्या या दारूचा पुंगळीत स्फोट होत नाही. ती पृष्ठभागाकडून आत जळत जाते. तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, वेग वाढला की वायू अधिक जलद निर्माण होतो, आणि त्याने दाब आणखी वाढतो. पुढे सरकणारी गोळी वायूला जागा करून देते, म्हणूनच हे चक्र आटोक्यात राहते. दारूच्या वजनातील लहानशी चूक दाबात मोठी होऊन दिसते, ती याच कारणाने. छंदातील शिस्तही येथूनच आली आहे: दारू बनवणाऱ्यांनी मोजून प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांबाहेर जायचे नाही आणि वजन ग्रेनच्या दशांशापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, मोजायचे. ‘.३०८ विंचेस्टर’ या प्रचलित काडतुसासाठी अमेरिकेत ठरवलेली कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. हा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे ४,२०० पट, म्हणजे महासागराच्या सर्वांत खोल तळावरील दाबाच्या जवळजवळ चौपट होतो.

इतका दाब पत्र्यासारख्या पातळ पितळी भिंतीवर आतून पडतो, तेव्हा ती भिंत टिकते कशी? खरे तर ती एकटी टिकतच नाही. दाब वाढताच पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या नळीच्या मागील भागातील पोलादी कप्प्याला, म्हणजे चेंबरला, घट्ट चिकटते. भार पोलाद पेलते. पितळेकडे दोन कामे राहतात. पहिले काम फुगून फट बंद करण्याचे, जेणेकरून तप्त वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ नये. दुसरे काम दाब उतरल्यावर भिंतीपासून सुटण्याचे, जेणेकरून पुंगळी बाहेर काढता यावी. पहिले काम कोणताही मऊ धातू करील. दुसरे सर्वांना जमत नाही.

शाळेत शिकलेली स्थितिस्थापकता येथे कामी येते. धातू ताणला की एका मर्यादेपर्यंत तो सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली की काही ताण कायमचा राहतो, पण मर्यादेपर्यंतचा भाग तरीही परत मिळतो. हा परत मिळणारा भाग किती, हे धातूची ताणमर्यादा भागिले यंगचा गुणांक, म्हणजे धातूचा ताठरपणा, या भागाकाराने ठरते. घडाईने कठीण केलेल्या पितळेची ताणमर्यादा सुमारे ४५० मेगापास्कल आणि गुणांक सुमारे १,१०,००० मेगापास्कल धरला, तर उत्तर ०.४१ टक्के येते. आता पोलादी चेंबरकडे पाहू. त्याची भिंत जाड असली तरी ४०० मेगापास्कलच्या आसपासच्या, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेजवळच्या, दाबाखाली तोही फुगतो आणि ढोबळ हिशेबाने त्याचा आतील व्यास ०.३४ टक्क्यांनी वाढतो. दाब उतरताच चेंबर हे सगळे ०.३४ टक्के परत घेतो आणि पितळ ०.४१ टक्के आक्रसते. दोहोंतील फरक ०.०७ टक्के. ‘.३०८ विंचेस्टर’च्या पुंगळीचा बुडाजवळील व्यास सुमारे १२ मिलिमीटर असतो, म्हणजे मोकळी होणारी जागा ०.००८ मिलिमीटरच्या आसपास, मानवी केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. पुंगळी बाहेर येते ती या जागेमुळे.

हा हिशेब समजला की छंदातील एक जुना अनुभवसिद्ध संकेतही उलगडतो. दारू प्रमाणाबाहेर पडली, तर गोळी सुटल्यानंतर बोल्ट, म्हणजे चेंबरचे मागील तोंड बंद करणारा दांडा, उघडताना जड जातो. दाब वाढल्याने चेंबर ०.४१ टक्क्यांहून अधिक फुगला असेल, तर परत येताना तो पितळेच्या पुढे निघून जातो आणि पुंगळीला चिमटीत पकडून ठेवतो. जड बोल्ट म्हणजे पोलादाच्या माघारीने पितळेच्या माघारीला मागे टाकल्याची नोंदच होय. अर्थात हा संकेत उशिरा मिळतो. तो मिळेपर्यंत दाब आधीच मर्यादेपलीकडे गेलेला असतो, म्हणून त्याच्या भरवशावर दारू वाढवत नेणे धोक्याचे आहे.

पितळेऐवजी शुद्ध तांबे घेतले तर काय होते, याचे उत्तर इतिहासात आहे. १८७० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनची काडतुसे तांब्याच्या पुंगळीची होती आणि बंदूक तापली की ती अडकत असल्याच्या तक्रारी होत्या. मऊ तांब्याची ताणमर्यादा कमी, म्हणून माघारही कमी. १८७६ मधील लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टर यांच्या तुकडीचा जो नाश झाला, त्याचे खापर पुष्कळ वर्षे या पुंगळ्यांवर फोडले गेले. मात्र १९८० च्या दशकात त्या रणभूमीवर झालेल्या उत्खननात जबरदस्तीने काढल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या थोड्याच मिळाल्या. दोष खरा होता, पण पराभवाचे कारण म्हणून तो अपुरा होता. १८८० च्या दशकात अमेरिकी सैन्य पितळेकडे वळले.

पुंगळीचे पितळ ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. हे प्रमाण योगायोगाने ठरलेले नाही. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या ओळी एकमेकींवरून सरकतात, तेव्हा ते सरकणे विस्थापन नावाच्या रेषीय दोषांच्या हालचालीने घडते. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. शुद्ध तांब्यात अडथळा आला, तर विस्थापन आपली सरकण्याची पातळी बदलून बाजूने निसटू शकते. जस्त मिसळले की अणुथरांच्या रचनाक्रमातील दोषाला लागणारी ऊर्जा खूप कमी होते, परिणामी प्रत्येक विस्थापन दोन अर्धविस्थापनांत फुटते आणि त्यांच्यामध्ये अशा दोषयुक्त थराची रुंद पट्टी तयार होते. पातळी बदलायची तर आधी हे दोन्ही भाग पुन्हा एकत्र यावे लागतात, आणि पट्टी जितकी रुंद तितके ते अवघड. म्हणून पितळेत विस्थापने एकमेकांत अडकून साचत जातात आणि धातू प्रत्येक ताणाबरोबर झपाट्याने कठीण होतो. याचा एक सुंदर परिणाम असा, की पत्रा जेथे पातळ होऊ लागतो तेथेच तो कठीण होतो, त्यामुळे पुढचा ताण शेजारच्या मऊ भागाकडे जातो आणि पत्रा एका जागी फाटत नाही. जस्ताचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढवत नेले, तर पितळेचे बळ आणि ताणले जाण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी एकत्र वाढतात. धातुशास्त्रात असा योग दुर्मीळ आहे. एका चकतीची वाटी आणि वाटीची लांब नळी ओढून काढता येते, ती याच बळावर.

ही घडाई आपल्याला परकी नाही. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. पण त्यामागील तत्त्व कसबा पेठेतील तांबट त्याहून कितीतरी आधीपासून वापरत आले आहेत: हातोडीखाली भांडे कठीण झाले, की ते भट्टीत तापवायचे, मऊ करून घ्यायचे आणि पुन्हा ठोकायला घ्यायचे.

पुंगळी पुन्हा भरणाऱ्यालाही नेमके हेच करावे लागते. प्रत्येक फेरीत पुंगळीची मान, म्हणजे गोळी पकडणारा पातळ भाग, गोळी सुटताना फुगते, साच्यात दाबून लहान केली जाते आणि मग आतून थोडी रुंद केली जाते. अशा काही फेऱ्यांनंतर मान इतकी कठीण होते, की साच्यातून बाहेर येताच ती जास्त उसळते, गोळीवरची पकड प्रत्येक पुंगळीत वेगळी पडते आणि अखेरीस मानेला उभी चीर जाते. उपाय म्हणून मान काही सेकंद ज्योतीत तापवतात, तेव्हा साचलेल्या विस्थापनांच्या जागी नवे, निर्मळ स्फटिक वाढतात. मात्र ही उष्णता बुडापर्यंत पोहोचता कामा नये. बुडाजवळ पुंगळीला सगळीकडून चेंबरचा आधार नसतो. तेथील काठिण्य गेले तर पितळ दाबाखाली वाहू लागते आणि वायू मागे फुटतो. याच संदर्भात तापलेली पुंगळी पाण्यात टाकल्याने ती कठीण होते असे काही जण ठामपणे सांगतात. हा पोलादावरून घेतलेला गैरसमज आहे. पोलाद पाण्यात बुडवल्याने कठीण होते ते त्यातील कार्बनमुळे. या पितळेत तशी काही घडामोड नाही. पाणी येथे केवळ उष्णता बुडाकडे पसरण्यापूर्वी अडवते.

अचूकतेच्या दाव्यांबाबतही सावध राहिले पाहिजे. एखादे महागडे तापनयंत्र घेतल्यावर तीन गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या, एवढ्यावरून त्या यंत्राची थोरवी सांगितली जाते. तीन गोळ्यांचा पुंजका निव्वळ योगायोगानेही अर्धा किंवा दुप्पट होऊ शकतो. पुरेशा गोळ्या झाडून केलेली तुलना समोर नसेल, तर अशा दाव्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

पुंगळीला तडा जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि त्याचा उलगडा भारताशी जोडलेला आहे. ब्रिटिश सैन्याची काडतुसे येथे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात, आणि कोरडा हंगाम आल्यावर बाहेर काढली की न वापरलेल्या पुंगळ्यांनाही तडे गेलेले आढळत. दोष हवामानाला दिला गेला. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले, की घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेतील तांब्याशी विरघळणारे संयुग करतो आणि घडाईच्या वेळी धातूत राहून गेलेला अंतर्गत ताण ती जखम स्फटिकांच्या सीमांवरून आत उघडत नेतो. अमोनिया आणि ताण दोन्ही असतील तरच तडा जातो. सौम्य उष्णतेने ताण काढून टाकला की पुंगळी सुरक्षित होते. पुन्हा भरायच्या पुंगळ्यांना अमोनिया असलेले चकाकीचे द्रव लावू नये, हा नियम या शोधाचाच परिणाम आहे.

पितळेची मर्यादा आता नव्या काडतुसांत उघड होऊ लागली आहे. अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये निवडलेल्या नव्या रायफलीसोबत जी ६.८ मिलिमीटरची संकरित काडतुसे आली, त्यांच्या नागरी रूपाची दाबमर्यादा दर चौरस इंचाला ८०,००० पौंड आहे. एवढ्या दाबाखाली पितळी बूड टिकत नाही, म्हणून त्यात बूड पोलादाचे केले आहे. चेंबरला चिकटून पुन्हा सुटणारी भिंत मात्र अजूनही पितळेचीच ठेवली आहे.