नव्या हिमवृष्टीनंतरचे हिमस्खलन

डोंगरउतारावर साचलेला बर्फ सुटून वेगाने खाली कोसळतो, त्याला हिमस्खलन म्हणतात. जोरदार हिमवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यानंतरचे एक-दोन दिवस धोका सर्वाधिक असतो. नेमके तेव्हाच आकाश निवळते आणि स्कीपटू, गिर्यारोहक बाहेर पडतात. जीवघेण्या हिमस्खलनांपैकी बहुतेक वेळा थर मोडणारे वजन बळी पडलेल्याचे किंवा त्याच्या सोबत्याचेच असते.

यांत सर्वांत घातक म्हणजे वरचा एकसंध थर खालच्या दुबळ्या थरावरून निसटणे. भेग क्षणात आडवी पसरते आणि माणूस सुटलेल्या थराच्या मधोमध सापडतो. दुबळा थर बहुधा हिमवृष्टीच्या आधीचाच असतो : निरभ्र, थंड रात्री पृष्ठभागावर वाढलेले नाजूक स्फटिक किंवा पातळ हिमथरात कडाक्याच्या थंडीने तयार झालेले, साखरेसारखे सुटे कण. त्यामुळे बर्फ किती पडला याइतकेच तो कशावर पडला हेही पाहावे लागते. नवा बर्फ सहसा काही दिवसांत बसतो. गाडला गेलेला दुबळा थर आठवडेच्या आठवडे टिकू शकतो.

वाऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. वारा एका बाजूचा बर्फ उडवून धारेपलीकडच्या आडोशाला, हिमवृष्टीच्या कित्येक पट वेगाने रचतो. आकाश कोरडे असतानाही असा उतार धोकादायक बनतो.

असे थर मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. हवामान आपल्या हातात नसते, उतार निवडणे असते. म्हणून शंका असेल तेव्हा ३० अंशांखालचीच वाट धरावी, आणि तिच्या डोक्यावर तीव्र उतार नाही हेही बघावे. सपाटीवरच्या पावलानेही वरचा थर सुटू शकतो.

ताजी स्खलने, पायापासून पळत जाणाऱ्या भेगा आणि थर खचल्याचा 'धप्प' आवाज, यांपैकी एकही खूण दिसली की मागे फिरावे. थर किती पक्के आहेत हे तपासण्यासाठी बर्फात ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून, खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. खांब कितव्या थापेला आणि कसा तुटतो ते पाहतात. निकाल वाईट आला तर तो मानावा. चांगला आला तरी तो त्या जागेपुरताच असतो.

धोक्याचा उतार ओलांडणे टळत नसेल तर एकेकाने जावे, बाकीच्यांनी आडोशाच्या जागेवरून नजर ठेवावी. खाली घळ किंवा कडा असेल तर लहानसे स्खलनही जीव घेते. प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा लावण्यासाठी रेडिओ संकेत पाठवणारे आणि पकडणारे यंत्र), शोधकाठी आणि फावडे हवे. गाडला गेलेला माणूस पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, म्हणून बाहेरची मदत येण्याआधी सोबत्यांनीच खणायला लागावे लागते.