व्हॅनिला पावडर घेताना रंग पाहावा, पण रंगावर थांबू नये

व्हॅनिलाच्या वेलीवरून ताजी हिरवी शेंग तोडून नाकाशी धरली, तर तो ओळखीचा वास येत नाही. वास शेंगेतच असतो, पण बांधलेला. व्हॅनिलीन हा मुख्य सुगंधी रेणू साखरेच्या रेणूला जोडलेला असतो. या जोडीला ग्लुकोव्हॅनिलीन म्हणतात. शेंगा काही मिनिटं गरम पाण्यात बुडवल्या की पेशी फुटतात आणि शेंगेतलंच एक एन्झाइम ही जोडी तोडू लागतं. मग शेंगा उबेत गुंडाळून ठेवायच्या, उन्हात वाळवायच्या, पेटीत मुरवायच्या. यात महिने जातात, आणि पाच-सहा किलो ताज्या शेंगांतून तयार माल निघतो जेमतेम किलोभर. त्याआधी प्रत्येक फूल हातानं फलित करावं लागतं, तेही ते उमलतं त्याच दिवशी. ती सोपी रीत 1841 मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. हा उद्योग आजही त्याच्याच रीतीवर चालतो, म्हणून त्याचं नाव घ्यायलाच हवं.

एवढे कष्ट असलेली वस्तू स्वस्त कशी असेल? म्हणून डब्यावरची घटकांची यादी वाचावी. निव्वळ शेंगा दळलेली पूड गडद तपकिरी असते. पांढरी किंवा फिकट पावडर म्हणजे बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पांढरी पूड) किंवा साखर, तिच्यावर चढवलेला व्हॅनिलाचा अर्क नाहीतर कृत्रिम व्हॅनिलीन. चिमूटभर पावडर कोमट पाण्यात ढवळून पाहा: साखर, माल्टोडेक्स्ट्रिन विरघळून जातात, शेंगेचे कण मात्र तसेच राहतात. पण कण दिसले म्हणजे काम झालं असंही नाही. अर्क काढून घेतलेल्या शेंगांचा चोथाही दळून विकला जातो. तो दिसतो झकास, वास मात्र नावापुरता. शेवटचा निवाडा नाकाचाच.

कृत्रिम व्हॅनिलीनला मी वाईट म्हणणार नाही. 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी सूचिपर्णी झाडांतल्या कोनिफेरिनपासून ते बनवलं, आणि रेणू अगदी शेंगेतलाच आहे. फरक सोबत्यांचा. मुरवलेल्या शेंगेत व्हॅनिलीन साधारण दोन टक्के, पण त्याच्याबरोबर दोनशेहून अधिक सुगंधी संयुगं असतात. कडक भाजलेल्या बिस्किटांत यातली नाजूक संयुगं उडून जातात, तिथे कृत्रिम पावडर खुशाल वापरावी. खरी पूड कस्टर्ड, आइस्क्रीम, क्रीम यांसाठी राखून ठेवावी. यादीत इथाइल व्हॅनिलीन हे व्हॅनिलीनसारखंच कृत्रिम रसायन दिसलं तर हात आखडता घ्या. ते व्हॅनिलीनच्या दुप्पट ते चौपट तीव्र असतं आणि जास्त झालं की चव उग्र होते.

व्हॅनिलीन गार पाण्यात फारसं विरघळत नाही. स्निग्ध पदार्थांत आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं. इसेन्समधलं अल्कोहोल हेच काम करतं, पुडीत ते नसतं. म्हणून केक करताना पूड मैद्यात न टाकता लोणी-साखर फेटतानाच घालावी. कस्टर्डसाठी ती गरम दुधात आधी घालून झाकून ठेवावी. अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसात किंवा आयसिंगमध्ये मात्र पूड इसेन्सपेक्षा सरस, कारण थेंबभरही जादा पाणी जात नाही. सुरुवात इसेन्सच्या निम्म्या मापानं करावी, मग चव पाहून वाढवावी.

दळल्यावर शेंगेचा फार मोठा भाग हवेला उघडा पडतो आणि वास लवकर उतरतो. त्यामुळे थोडीच घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावी. उकळत्या भांड्यावर डबा धरून पूड झटकू नये, वाफ लागली की गुठळ्या होतात.