कायरोप्रॅक्टिक

मणके आणि सांधे हातांनी दाबून, वळवून किंवा नेमका झटका देऊन दुखणे घालवण्याची उपचारपद्धती. उगम अमेरिकेत, १८९५ साली. सांगली-साताऱ्याकडे हे नाव अलीकडे, मुख्यतः मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आले आणि बोलण्यात त्याचे नुसते ‘कायरो’ झाले. क्रिया मात्र इथे नवी नाही. कमरेत उसण भरली की गावातला पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस, शोधून त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचा. हातपाय मुरगळला की हाडवैद्याकडे नाहीतर तालमीतल्या वस्तादाकडे जायचे, ही इथली जुनी वहिवाट. त्यामुळे ‘कायरो खरे की खोटे’ हा प्रश्न इथे विचारला जातो तो ‘डॉक्टरकडे जाऊ की हाडवैद्याकडे’ या जुन्या प्रश्नाच्या सुरात. दोन्हींची उत्तरे मात्र एक नाहीत.

डॅनिएल डेव्हिड पामर हा या पद्धतीचा जनक. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात तो चुंबकीय शक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करी. हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका आपण जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा पामरचा दावा. कानाकडून मेंदूकडे जाणारी नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही, ही अडचण त्याला जाणवलेली दिसत नाही. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल तुरुंगात गेला. योगायोग असा की १८९४ मध्येच विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत अमेरिकन मिशनचे इस्पितळ सुरू केले होते. म्हणजे मिरजेची आरोग्यपंढरी आणि कायरोप्रॅक्टिक जवळपास एकाच वयाचे, आणि दोहोंची एक नाळ अमेरिकेशी जुळलेली.

पामरचे म्हणणे असे : मणके जागेवरून किंचित सरकतात, त्याने नसांवर दाब येतो, शरीरातली उपजत शक्ती अडते आणि बहुतेक सगळे रोग त्यातून होतात. या सरकण्याला त्याने ‘सबलक्सेशन’ म्हटले. अस्थिरोगतज्ज्ञ हाच शब्द वापरतात तेव्हा सांधा अर्धवट निखळलेला एक्स-रेत दिसतो. पामरच्या अर्थाचे सबलक्सेशन मात्र असे दाखवता आलेले नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या वैधानिक परिषदेनेच २०१० मध्ये सांगितले की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती रोगाचे कारण असल्याचा दावा करता येईल असा संशोधनाचा आधार नाही. दमा, कानाचे दुखणे, तान्ह्या बाळाचे पोटशूळ मणके बसवून बरे होतात हे दावे इथेच गळतात. यावर टीका केल्याबद्दल ब्रिटिश कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने विज्ञानलेखक सायमन सिंग यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता; २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही कायरोप्रॅक्टिक संपवण्यासाठी १९६३ पासून समिती नेमून मोहीम चालवली. कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क आणि सहकारी १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये जिंकले. ‘कोर्टाने कायरोला मान्यता दिली’ असे या निकालाबद्दल हमखास ऐकवले जाते. निकाल व्यापारातल्या स्पर्धेच्या कायद्याखाली होता. डॉक्टरांनी मिळून बहिष्कार टाकला हे बेकायदा ठरले. उपचार लागू पडतो की नाही, हे कोर्टाने ठरवले नाही.

प्रत्यक्ष उपचार बघण्यासारखा असतो. रोगी कुशीवर निजतो, वरचा गुडघा पोटाकडे दुमडलेला. उपचारक एक हात खांद्यावर ठेवतो, दुसरा कमरेवर, शरीर पिळत पिळत ताण संपेपर्यंत नेतो आणि तिथे छोटासा, वेगवान झटका देतो. कट्ट असा आवाज होतो आणि रोग्याच्या तोंडावर ‘बसला एकदाचा’ असा भाव येतो. बसत मात्र काही नाही. सांध्याच्या पृष्ठभागांमधली जागा एकाएकी वाढली की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. बोटे मोडताना होतो तोच. तो आला म्हणून उपचार लागू झाला असे नाही, नाही आला म्हणून वाया गेला असेही नाही. व्हिडिओंत माइक मणक्याजवळ का धरतात, ते यावरून समजावे.

आता जमेची बाजू. साध्या कंबरदुखीत हाताने केलेल्या या उपचाराचा थोडा फायदा होतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत शेक, मसाज यांच्याबरोबर मणक्यांचा हस्तोपचारही आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शनात तो व्यायामाच्या जोडीनेच करावा असे आहे. फायदा माफक, व्यायाम किंवा गोळ्यांइतकाच. शिवाय बहुतेक उसणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरतात. तिसऱ्या दिवशी पायाळूचा पाय लागला तर श्रेय पायाळूला, आठव्या दिवशी कायरो केले तर कायरोला, आणि डॉक्टरची गोळी पंधराव्या दिवशी घेतली तर गोळीला. म्हणून तर ज्यांना उपचार दिला आणि ज्यांना दिला नाही, अशा दोन गटांची तुलना करावी लागते.

मानेची गोष्ट वेगळी. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. मानेला जोराचा पीळ दिल्यावर धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण अगदी कमी आहे. धमनी आधीच फाटू लागली की मान दुखते आणि त्या दुखण्यासाठीच माणूस कायरोकडे येतो, असेही अभ्यासक मांडतात. तरी गळ्याभोवती टॉवेल अडकवून डोके हिसडण्याचे जे प्रकार व्हिडिओंत दिसतात, ते या लेखकाच्या मते कोणीही करून घेऊ नयेत.

सांगली भागात पाठ दुखायला कारणे मुबलक. हळदीच्या पेठेत पोती वाहणारे हमाल, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारे ऊसतोड मजूर, तासगावकडच्या द्राक्षबागांत दिवसभर मान वर करून घडांची विरळणी करणाऱ्या बाया. यांना हवा असतो रोजगार न बुडवता उद्या कामावर उभे करणारा इलाज, आणि एका बैठकीत ‘बसवून देतो’ म्हणणारा तिथेच बाजी मारतो. हाडवैद्याकडे जाण्यामागेही हेच गणित. मुरगळण्यापुरते ते चालूनही जाते. मोडलेल्या हाडावर कामट्या घट्ट बांधल्या की रक्त अडून हात काळा पडतो, आणि मग रोगी मिरजेला पोचतो तो हात वाचवायला.

कायद्याच्या दृष्टीने भारतात कायरोप्रॅक्टिकला वेगळी वैधानिक परिषद नाही आणि आयुषच्या यादीतही ते नाही. अमेरिकेत कॉलेजची किमान तीन वर्षे झाल्यावर आणखी साधारण चार वर्षे शिकून परवाना घ्यावा लागतो. इथे काही दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावूनही पाटी झळकू शकते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी मात्र राज्य परिषद आहे, आणि हाताने सांधे मोकळे करण्याचे तंत्र त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. मिरज-कराडकडे फिजिओथेरपिस्ट सहज सापडतात. मणक्याला झटका देणारा कायरो असो की फिजिओ, झटका तोच. फरक आधी काय तपासले यात पडतो.

आधुनिक वैद्यकाचे पारडेही सगळेच जड नाही. कंबर दुखली की ‘फोटो काढा’, मग एमआरआय, मग ‘गादी सरकलीय’. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली गादी दिसते. ‘गादी सरकली’ ऐकून घाबरलेला माणूस वाकायचे सोडतो, हालचाल थांबली की कंबर आणखी आखडते. उपचारक रोग्याला अर्धा तास देतो, हात लावतो, ऐकून घेतो. बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत ते मिळत नाही. कायरोच्या लोकप्रियतेचा मोठा हिस्सा या अर्ध्या तासात आहे.

पण कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल, रात्री पडूनही दुखत असेल, पाय लुळा पडत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर पाठीला झटका देऊ द्यायचा नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून सर्रास सापडतो. त्यात मणका आतून पोखरलेला असतो आणि असा मणका ‘बसवताना’ कोसळू शकतो. यातला लघवी-संडासचा ताबा सुटलेला रोगी त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पोचला पाहिजे. दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाही.