अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तरी खाज आणि पांढरं जाणं थांबत नाही?

आमच्या लॅबमध्ये एक ताई आल्या, पर्समधून गोळ्यांच्या तीन रिकाम्या स्ट्रिपा काढून काउंटरवर ठेवल्या. "सगळं घेऊन झालं, खाज तशीच आहे." पहिली स्ट्रिप लघवीच्या इन्फेक्शनसाठी डॉक्टरांनी दिलेली. पुढच्या दोन त्यांनी मेडिकलमधून आपणच आणलेल्या, त्याच अँटिबायोटिकच्या. स्लाइडवर पाहिलं तर बुरशी. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही, उलट तिला रान मोकळं मिळतं.

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू असतात, दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद. त्यांच्या आम्लामुळे आतला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं जास्त आम्ल) ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो आणि बाकीच्यांना डोकं वर काढता येत नाही. अँटिबायोटिक नको असलेल्या जिवाणूंबरोबर यांनाही मारतं.

"अंगावरून जातंय" एवढ्यावरून कारण कळत नाही. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर बहुधा कॅन्डिडा ही बुरशी. पातळ, राखाडी स्राव आणि माशासारखा वास असेल तर जिवाणूंचं संतुलन बिघडलेलं असतं; डॉक्टर त्याला बीव्ही (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) म्हणतात. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनासची शंका येते; हा शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी. पण हे अंदाजच. दोन कारणं एकत्रही असतात, म्हणून नमुना बघावा लागतो.

ते काम मोठं नाही. स्रावाचा थेंब सलाइनमध्ये मिसळून लगेच मायक्रोस्कोपखाली धरतो. ट्रायकोमोनास असेल तर तो वळवळताना दिसतो. नमुना थंड पडला की हालचाल थांबते आणि तो नजरेतून निसटतो. म्हणून घरून डबीत आणलेला नमुना आम्ही घेत नाही. बीव्हीमध्ये पेशींच्या कडा जिवाणूंनी इतक्या माखलेल्या असतात की कड दिसतच नाही. दुसऱ्या थेंबात १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे रसायन) घातलं की पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. स्लाइडवर काही दिसलं नाही पण त्रास चालूच असेल, तर डॉक्टर कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं, सांगतात. कॅन्डिडाच्या ग्लॅब्राटासारख्या काही जाती फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत, ते त्यातून कळतं.

बीव्ही योग्य औषधानेही परत येतो. वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना तो पुन्हा होतो, त्यात तुमच्या स्वच्छतेची काही चूक नाही. कृपया साबण, डेटॉल, व्हजायनल वॉश यांनी आतून धुऊ नका, त्याने उरलेले चांगले जिवाणूही जातात. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यानेही औषध घ्यायलाच हवं, त्यांना काही त्रास नसला तरी. हे सांगणं अवघड जातं, आम्ही रोज पाहतो. रिपोर्ट घेऊन दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

बुरशी वर्षात तीन-चारदा झाली तर रक्तातली साखर तपासा. पाळी गेल्यानंतरची आग आणि कोरडेपणा पुष्कळदा इन्फेक्शन नसतंच. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्याने तसं होतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

ओटीपोटात दुखून ताप आला, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, लॅब नंतर. गरोदरपणात बुरशीवर पोटात घ्यायच्या गोळीऐवजी सहसा योनीत ठेवायचं औषध देतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर काही घेऊ नका. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (जननमार्गाच्या आणि लैंगिक आजारांचा दवाखाना) तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

आमच्याकडे येताना पाळी चालू नसावी. आधीचे दोन दिवस योनीत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, संबंध टाळा. घेतलेल्या औषधांच्या स्ट्रिपा, रिकाम्या असल्या तरी, सोबत आणा. नमुना पडद्याआड महिला टेक्निशियनच घेते. शरीरसंबंध आलेला नसेल तर तिला आधी सांगा. मग आत उपकरण न घालता योनीच्या तोंडाशीच कापसाच्या काडीने नमुना घेते.