ऑईल सील म्हणजे बूच नव्हे

बीडच्या घरी आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर एक काळा डाग आहे. वडिलांच्या शंभर सीसीच्या जुन्या गाडीचा. पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं (साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकामागचं) ऑईल सील, म्हणजे फिरत्या दांडीभोवती तेल अडवणारी रबरी कडी, वर्षात तीनदा बदललं. पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा थेंब. मेस्त्री म्हणाला, "सीलच डुप्लिकेट यायलेत." शेजारच्या काकांनी शनिवारी हँडलला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. लिंबातलं आम्ल फार तर हँडलचं क्रोम खाईल, दुसरं काही करणार नाही.

मेस्त्री काय नि मी काय, आम्ही सीलला बाटलीचं बूच समजत होतो. घट्ट बसलं की तेल थांबलं! पण बुचाखाली बाटली फिरत नसते. मागच्या चाकाच्या एका फेरीत गाडी साधारण 1.85 मीटर पुढे जाते, आणि तेवढ्यात स्प्रॉकेटची दांडी जवळपास तीनदा फिरते. म्हणजे बीडहून संभाजीनगरला सव्वाशे किलोमीटर गेलात की सीलच्या रबरी ओठाखाली, म्हणजे दांडीकडच्या आतल्या कडेखाली, दांडीच्या दोन लाख फेऱ्या होतात. ओठ खरोखरच कोरडा टेकलेला असता तर गेवराई यायच्या आत करपला असता.

तो करपत नाही, कारण तो टेकलेलाच नसतो. सीलवर संशोधन करणारे ई. टी. जॅगर यांनी 1957 साली दाखवून दिलं, की दांडी फिरत असताना ओठ आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा अतिपातळ पापुद्रा असतो. जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस याच्या पन्नास-साठपट तरी जाड. मग खरा प्रश्न उलटा होतो. ओठाखाली तेल आहे, तर ते बाहेर का येत नाही?

गंमत ओठाच्या आकारात आहे. ओठाची तेलाकडची उतरण उभी असते, 45 अंशांच्या आसपास, तर हवेकडची निवांत, 25 अंशांच्या आसपास. त्यामुळे दाबाचा जोर मधोमध न येता तेलाच्या बाजूला सरकतो. चालून चालून ओठाच्या टोकावर रबराचे सूक्ष्म उंचवटे तयार झालेले असतात. दांडी फिरली की ती त्यांना आपल्याबरोबर ओढते. जिथे दाब जास्त तिथे ओढ जास्त, म्हणून प्रत्येक उंचवटा सरळ न राहता बाणाच्या टोकासारखा वाकतो. या बाणाची एक बाजू तेल बाहेर ढकलते, दुसरी आत. पण टोक तेलाच्या बाजूला असल्यामुळे आत ढकलणारी बाजू लांब पडते आणि तीच जिंकते. दांडी उलटी फिरवली तर बाण उलट दिशेला वाकतो, तरी लांब बाजू तीच राहते. तेल आतच जातं. सील म्हणजे पंप आहे, अखंड आत उपसणारा. चालत्या सीलला हवेच्या बाजूने तेल लावलं तर ते आत ओढलं जातं, आणि सील उलटं बसवलं तर इमानेइतबारे तेल बाहेर उपसतं.

(इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: हे सगळं दांडीचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तरच.)

आमच्या गाडीत तो गुळगुळीत नव्हता. जुन्या आडाच्या काठावर दोराने दगडाला पडलेले चरे पाहिलेत ना? इथेही तसंच होतं. रबर पोलादाला कापत नाही, पण रस्त्यावरची धूळ मऊ ओठात रुतून बसते आणि ओठाची कानस होते. दांडीवर नखाला लागेल असा चर पडला होता. नवं सील दर वेळी त्याच चरात. वर मेस्त्रीने दांडी फिरवत फिरवत पॉलिश पेपर मारलेला, म्हणून तिरके ओरखडे. तिरका ओरखडा म्हणजे स्क्रूचा आटा, आणि आटा चुकीच्या दिशेचा असला की तेलाला बाहेरची वाट दाखवतो. सीलच्या पंपाविरुद्ध दुसरा पंप आम्हीच बसवला होता!

या वेळी सील दीड मिलिमीटर आत ठोकलं, चर आणि ओरखडे सोडून कोऱ्या जागेवर. खर्च पाव किलो पेढ्यांएवढासुद्धा नाही. त्याआधी इंजिनाचा ब्रीदर पाईप फुंकून पाहिला. तो तुंबला की आत दाब साठतो, मग कुठलंच सील टिकत नाही. "गळती बंद" म्हणून विकतात ती औषधं रबर थोडं फुगवतात; चर भरत नाहीत.

दोन महिने झाले, स्प्रॉकेटखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे. थोडं बाजूला मात्र एक नवा थेंब दिसतोय, गिअर बदलायच्या दांडीच्या सीलखाली. ती दांडी पूर्ण फिरत नाही, नुसती मागेपुढे हलते. म्हणजे तिथे पंप चालतच नाही. तिथलं सील खरोखरच बूच आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत इंजिनाच्या आचेने रबर कडक झालंय.