कलम ६४अ आणि कलम ३९: उपचार दोन्हीत, पण एक दोषी ठरायच्या आधी नि एक नंतर

बेळगावात कॉलेजचं पोरगं गांजासकट सापडलं की घरात लगेच कुणीतरी म्हणतंय, व्यसनमुक्ती केंद्रात घालूया, केस मिटती. मिटू शकते की, पण कुठल्या कलमानं ते आधी बघा.

कायदा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, १९८५ चा, केंद्राचा, म्हणून दारूसारखं इकडं कर्नाटकात एक नि महाराष्ट्रात चंदगडात दुसरं असं नाही. गांजा १ किलोपर्यंत असला तर 'अल्प प्रमाण', आणि ह्याचा अर्थ गुन्हाच नाही असा लोक धरून बसलेत. तसं नाही हो, १ वर्षापर्यंत सक्तमजुरी नाहीतर १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढल्याबद्दल कलम २७ वेगळं, त्यात गांजाला ६ महिन्यांपर्यंत कैद.

आता ६४अ. अल्प प्रमाणाची नाहीतर कलम २७ ची केस झालेला व्यसनी पोरगा आपणहून उपचार घ्यायला तयार झाला, सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात किंवा केंद्रात गेला नि उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही, म्हणजे दोषाचा शिक्काच बसत नाही. अट एकच कडक आहे, मधेच सोडून आला तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि मान्यता नसलेल्या खासगी केंद्रात पैसे भरून ठेवलं तर ह्या कलमात ते धरत नाहीत, हे आईबापांना कुणी सांगतच नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

३९ मात्र अशाच केसमधे दोषी ठरल्यावरचं. कोर्टाला वय, स्वभाव, आधीचं वागणं, तब्येत बघून वाटलं तर लगेच शिक्षा न देता, पोराच्या संमतीनं, बाँड घेऊन उपचाराला सोडतं, आणि १ वर्षाच्या आत रिपोर्ट घेऊन हजर राहायचं. सोडायचं की नाही ते कोर्टाच्या मर्जीवर.

दोन्ही कलमं फक्त व्यसनी माणसासाठी, म्हणजे ज्याला त्या नशेची सवय जडलीय. मित्रांबरोबर एकदा ओढून बघितलेलं पोरगं त्यात बसत नाही, म्हणजे ज्याला सावरणं सगळ्यात सोपं त्यालाच ही वाट बंद, आणि हे मला चूक वाटतं.

केस व्हायच्या आधीच विचारायचं असलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाईन आहे. केस झाली तर इथं पोलिसांचे कागद कानडीत येतात, घरात वाचणारं कोण नसलं तरी घाईत सही करू नका. अटकेत असलेल्याला फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज द्या आणि पहिल्याच भेटीत वकिलाला ६४अ बद्दल विचारा.